सडपातळ माणसाची शुगर

"लाल टोपणाची देऊ का नारिंगी?"

नातेपुत्याच्या पेठेतल्या एका मेडिकलमध्ये दुकानदारानं असं विचारलं, तर समोरच्या आबांनी प्रश्न हातानंच उडवून लावला. "कंचीबी द्या. सुई बारीक असली म्हंजी झालं." दुकानदार हलेना. "आबा, आधी बाटली दाखवा." आबांनी बंडीच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेली काचेची इवलीशी बाटली काढली. तिच्यावर ४० आययू असं छापलेलं होतं. दुकानदारानं लाल टोपणाच्या सिरिंज मोजून दिल्या आणि मगच पैसे घेतले.

हा दुकानदार मला फार मोलाचा वाटला. आपल्याकडे बाटलीत मिळणारं इन्शुलिन बहुतेक करून एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या मापाची, नारिंगी शंभरच्या. चाळीसच्या बाटलीतलं औषध नारिंगी सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. मग माणूस "सुई घेतोय तरी शुगर हटंना" म्हणत दवाखाने पालथे घालतो. उलट शंभरचं औषध लाल सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात, दरदरून घाम फुटतो, माणूस बरळायला लागतो आणि जागेवर कोसळतो. टोपणाच्या रंगाएवढी ही गोष्ट, पण ती सांगायला कुठल्याही जाहिरातीत जागा नसते.

सिरिंज खिशात टाकता टाकता आबा माझ्याकडे वळले. वय सत्तरीकडे झुकलेलं, काटक बांधा, गळ्यात तुळशीची माळ. "तुमी लिवता म्हनं. मग ह्ये लिवा. अंगावर मांस न्हाई, जलमभर उसाला पानी पाजलं, चहाबिगर गोड माहीत न्हाई. अन् शुगर मलाच कशी?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेली तीस-चाळीस वर्षं वैद्यकशास्त्र याच प्रश्नाशी झटतं आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा आबांच्या गावापासून एसटीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, पुण्यात सापडला आहे.

आधी आबांचा मुलूख. माळशिरस तालुक्याला दोन तोंडं आहेत. अकलूज-माळीनगरकडचं हिरवं, आणि शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडचं, माणदेशाला लागून असलेलं कोरडं. फलटणहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं नातेपुते या दोहोंच्या सांध्यावर बसलं आहे. १९२८ साली भाटघरचं धरण पुरं झालं, नीरेच्या उजव्या कालव्याला पाणी आलं, सासवडकडचे माळी शेतकरी इकडे उसासाठी उतरले आणि १९३२ साली त्यांनी सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. पुढे सहकाराचे कारखाने उभे राहिले. अलीकडे सदाशिवनगर, पलीकडे अकलूज. म्हणजे साखर हेच इथलं पीक, इथलं राजकारण आणि इथली पत. साखरेच्या पट्ट्यात साखरेचा रोग, हे शीर्षक एखाद्या वार्ताहराला आयतंच मिळेल. पण आबांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. ऊस पिकवणारा माणूस साखर खाऊन आजारी पडला असता तर गोष्ट सोपी होती.

इन्शुलिन करतं काय, हे इथल्या माणसाला समजावणं फार जड नाही. कालव्याचं पाणी आलं तरी पाटकऱ्यानं दार उघडल्याशिवाय ते वावरात शिरत नाही. रक्तातली साखर हे पाणी, स्नायू आणि चरबी ही वावरं, आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशी सोडतात ते इन्शुलिन हा पाटकरी. दारं गंजून घट्ट बसली, तर पाटकरी कितीही जोर लावू दे, पाणी पाटातच तुंबतं. याला डॉक्टर इन्शुलिनला होणारा विरोध म्हणतात. आणि मुळात पाटकरीच अपुरे पडले तर? पाणी तेव्हाही तुंबतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे तुंबलेला पाट सारखाच दिसतो. रक्ताच्या तपासणीत आकडा तोच येतो, रोगाला नावही तेच पडतं.

मधुमेही माणसाचं चित्र काळाप्रमाणे कसं बदलत गेलं, हे बघण्यासारखं आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं, तेव्हा तो मुलगा हाडांचा सापळा होता. पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही. जेम्स कॉलिपनं अर्क आणखी शुद्ध केला, बारा दिवसांनी दुसरं दिलं आणि मुलगा सावरला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी शोधाचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला टोरोंटो विद्यापीठाला देऊन टाकले. त्या वेळी मधुमेह म्हणजे वाळत जाणारं लेकरू. पुढे १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवलं की काही रोग्यांना इन्शुलिन चटकन लागू पडतं, काहींना पडत नाही. हळूहळू पुस्तकात दोन कप्पे झाले. पहिला प्रकार सडपातळ पोरांचा, दुसरा लठ्ठ, बैठ्या, चाळिशी उलटलेल्यांचा. युरोप-अमेरिकेत हे बरंचसं खरं होतं. तेच पुस्तक आपल्याकडे आलं आणि नातेपुत्याच्या आबांना त्यात बसायला जागाच उरली नाही.

या पुस्तकाला पुण्यातून धक्का बसला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य रोग्यांपेक्षा तरुण असत आणि बारीकही. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांच्यासोबत छोटासाच मजकूर छापला. सोबत दोघांचा एकत्र फोटो. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी जी दोन माणसं सारखी, त्यांच्यातल्या एकाच्या कातडीखाली दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी.

आपल्या सडपातळपणावर मी तरी त्यानंतर विश्वास ठेवलेला नाही.

पण हे सुरू कुठून होतं? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पार पाळण्यापर्यंत मागे नेलं. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. डॉ. बानू कोयाजी यांच्या काळात केईएमनं वढूला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं होतं, त्याचा या अभ्यासाला आधार होता. अडीच हजारांहून जास्त लग्न झालेल्या बायकांची नोंद झाली आणि त्यांना झालेली सातशेहून अधिक बाळं मोजली गेली. बाया म्हणजे आपल्या ओळखीच्याच, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, दिवसभर रानात. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. इथवर नवल काहीच नाही.

नवल पुढे आहे. संशोधकांनी बाळांच्या दंडाचा घेर घेतला, पोट मोजलं, आणि खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी घेतली. पुण्याच्या बाळांचे स्नायू रोडावलेले, पोटातले अवयव लहान, पण त्या चिमटीतली चरबी मात्र फारशी घटलेली नाही. नाळेतलं रक्त तपासलं तर त्यात इन्शुलिन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त. काट्यावर बारीक आणि आतून मेदाळ असं हे मूल. आईच्या पोटात टंचाई आली तेव्हा शरीरानं मेंदू राखला, चरबी राखली आणि स्नायू व स्वादुपिंडावरचा खर्च कापला, असा याचा अर्थ लावला जातो. त्यामागची मूळ मांडणी इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांची.

याच अभ्यासात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आयांच्या ताटाचा आणि कामाचा हिशेब मांडला. बाळाच्या वजनाशी आईनं खाल्लेल्या एकूण उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा सरळ संबंध लागला नाही. लागला तो पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं याच्याशी. आणि आईवर अंगमेहनतीचं ओझं जितकं जास्त, तितकं बाळ लहान.

हे वाचलं आणि मला आबांपेक्षा त्यांच्या धाकट्या भावंडांची पिढी आठवली. १९७२चा दुष्काळ माणदेशानं आणि सोलापूर जिल्ह्यानं कसा काढला, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. खडी फोडायच्या कामावर, पाझर तलावांच्या भरावावर निम्म्याहून जास्त बायाच असायच्या, असं जुनी माणसं सांगतात. त्यांतल्या किती पोटुशा असतील? हातात सुकडी, घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी, डोक्यावर पाटी. त्या बायांच्या पोटातली पोरं आज पन्नाशी ओलांडून बसली आहेत. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली आणि काही महिने लोक उपाशी राहिले. त्या महिन्यांत गर्भात असलेल्या मुलांना पन्नाशीत तपासलं, तर साखर पचवण्याची त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी निघाली. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. हॉलंडचा दुष्काळ काही महिन्यांचा होता. आमचा त्याहून लांबला आणि त्याच्या आधीही सुकाळ नव्हताच. त्या पोरांनी पुढे कालव्याचं पाणी बघितलं, रेशनचा गहू-तांदूळ बघितला, मोटरसायकल घेतली. टंचाईसाठी बांधलेलं शरीर सुबत्तेत राहायला आलं. आबांच्या "मलाच कशी?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. आबांनी काय खाल्लं एवढंच विचारून भागत नाही, आबांच्या आईनं काय खाल्लं हेही विचारावं लागतं.

साखरेबद्दलही असाच एक मजकूर अलीकडे वाचला. दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती, १९५३ साली ते उठलं. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला मोजकी साखर आली, त्यांना मोठेपणी मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघाला. 'सायन्स'मध्ये २०२४ साली हे छापून आलं. ज्या मुलखात बारशालाच बाळाच्या जिभेवर गूळ-साखर टेकवतात आणि रांगत्या पोराला बशीतून चहा पाजतात, तिथल्या आज्यांपर्यंत हे जायला हवं. "साखर नको, गुळाचा द्या" म्हणणाऱ्यांनाही जाता जाता एक: रक्तात गेल्यावर गूळ साखरेहून वेगळा वागत नाही.

आता आबांच्या गळ्यातल्या माळेकडे येतो, कारण तिचाही यात भाग आहे.

पुण्याच्या अभ्यासातल्या गरोदर बायकांपैकी दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. फोलेट कमी असलेली मात्र केवळ एक निघाली. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या मुलांमध्ये इन्शुलिनला होणारा विरोध सगळ्यात जास्त दिसला. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाची आणि फोलिक ॲसिडची गोळी न चुकता मिळते, आणि ती मिळायलाच हवी. बी-१२कडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच मिळतं. माळकरी घरात पहिली तिन्ही बाद. राहिलं दूध. आणि दूध तर सकाळ-संध्याकाळ कॅन भरून डेअरीला जातं, घरात उरतं चहापुरतं. गोठ्यात दोन गाई असलेल्या घरातल्या सुनेला बी-१२ कमी पडावं, याला परिस्थिती म्हणायचं की हिशेब, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

याला आणखी एक पदर आहे. मधुमेहाची पहिली गोळी मेटफॉर्मिन. स्वस्त, जुनी, खात्रीची. पण ती वर्षानुवर्षं घेतली तर आतड्यातून बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं. मग शाकाहारी माणसाच्या पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात आणि सगळेजण "शुगरमुळं" म्हणून मोकळे होतात. शुगर असेलही. पण बी-१२ची तपासणी एकदा करून घ्यावी, कमी निघालं तर त्याची गोळी-इंजेक्शन महाग नाही.

पायाची ही बधिरता नातेपुत्यात आषाढात उघडी पडते. बरडहून निघालेली माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते, वीस-एक किलोमीटर चालून इथे मुक्कामाला येते, आणि वैद्यकीय तंबूंसमोर रांगा लागतात. रांगेत बहुतेक तक्रारी पायांच्या. ज्याचा फोड दुखतो तो भाग्यवान म्हणायचा, तो तंबूत येतो तरी. ज्याला दुखतच नाही तो चिखलातून तसाच पुढे माळशिरसकडे चालू लागतो, आणि पंढरपूर येईतो त्या फोडाची जखम झालेली असते.

चालण्यानं साखर उतरते, यात शंका नाही. स्नायू कामाला लागला की इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो, आणि हा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. म्हणूनच घरी बसून ठरवलेला इन्शुलिनचा डोस वारीत जड होतो. दिंडीत पंगत कधी दहाला, कधी दोनला. सुई टोचून झाली आणि पंगत लांबली की भजनातच माणूस गळपटतो. शेजारचे म्हणतात, भाव दाटून आला. अशा वेळी आधी तोंडात साखर घालावी, भावाचं मग बघावं. निघण्यापूर्वी डोस कमी करायचा का, किती करायचा, हे डॉक्टरांना विचारून घेतलं तर निम्मे प्रसंग टळतात.

इन्शुलिन सांभाळण्याचीही तीच तऱ्हा. दिंडीच्या ट्रकात थंड पेटी असली तर लोक बाटली थेट बर्फावर ठेवतात. गोठलेलं इन्शुलिन वाया गेलं, ते परत पातळ झालं तरी टोचू नये. त्यापेक्षा आपली जुनी माठाची युक्ती बरी. ओलसर मातीच्या भांड्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत बाटली ठेवायची. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत जसा उन्हाळा असतो तशा, २५ ते ३७ अंशांच्या तापमानात इन्शुलिनच्या बाटल्या चार आठवडे ठेवून तपासल्या गेल्या. औषधाची ताकद टिकून होती. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. ज्याच्या घरी फ्रीज नाही त्याला सुई सुरू करायला बिचकणाऱ्या डॉक्टरांनी हे जरूर वाचावं. सोलापूरच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मात्र माठ हवाच.

इन्शुलिन हा शब्द खेड्यातल्या ओसरीवर आणला तो मात्र डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकरांच्या विचारावर बेतून त्यांनी दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायला सांगितलं, आणि सुरू करण्याआधी उपाशीपोटी इन्शुलिन आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर, तपासायला सांगितलं. दर खाण्याबरोबर इन्शुलिन स्रवतं, म्हणून तोंड सारखं चालू ठेवू नका, असा त्याचा गाभा. दिवसाला आठ-दहा चहा आणि त्याबरोबर बिस्किटं पोटात ढकलणाऱ्या महाराष्ट्राला हे ऐकवण्याची गरज होतीच. पोट सुटलेल्या कितीतरी जणांना त्याचा गुण आला. माझी अडचण आबांसारख्यांपाशी सुरू होते. ज्याचे पाटकरीच थोडे आहेत, वर ज्याची गोळी किंवा सुई चालू आहे, त्यानं शेजाऱ्याचं बघून जेवण बंद केलं तर साखर धाडकन खाली येईल. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या मुंजारोसारख्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचंही तेच. ज्याच्या अंगावर उतरवण्यासारखं वजनच नाही, त्यानं ते नाव ऐकून हुरळून जाऊ नये.

आणि आबांसारखे थोडे नाहीत. याज्ञिकांच्या गटानं स्वीडनच्या संशोधकांसोबत तरुणपणी मधुमेह झालेल्या भारतीय रोग्यांची प्रतवारी केली. २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. स्वीडनच्या तुलनेत इथे इन्शुलिनच कमी पडणाऱ्यांचा गट सगळ्यात मोठा निघाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं न्यूयॉर्कच्या मेरेडिथ हॉकिन्स यांच्याबरोबर कुपोषित, बारीक रोग्यांवर केलेलं कामही त्याच वर्षी आलं. या रोग्यांत इन्शुलिनला विरोध फारसा नव्हताच, खोट होती ती इन्शुलिन तयार होण्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला वेगळा कप्पा दिला होता आणि १९९९ साली तो काढूनही टाकला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला पुन्हा मान्यता दिली, आता 'प्रकार पाच' या नावानं. गरिबाच्या रोगाला पुस्तकात परत जागा मिळायला पाव शतक गेलं.

नातेपुत्याला या सगळ्याचा उपयोग किती? आबांचा धाकटा मुलगा चौतीस वर्षांचा आहे, हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर असतो, बापासारखाच काटक. तंबाखू नाही, दारू नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक सरकारी तक्ता आशाताई घरोघरी जाऊन भरतात. त्यात वयाला गुण, व्यसनाला गुण, टेपनं मोजलेल्या कमरेला गुण, अंगमेहनत नसली तर गुण, घरात कुणाला शुगर-बीपी असली तर गुण. बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाला आधी तपासणीला धाडायचं. या मुलाची बेरीज मी मांडून बघितली. वयाचा एक, बापाच्या आजाराचे दोन. कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत, त्यामुळे शून्य. मेहनत भरपूर, तिथेही शून्य. एकूण तीन. तक्त्याला हा मुलगा ठणठणीत दिसतो. जन्मला तेव्हा वजन किती होतं, ही ओळ तक्त्यात नाही. नियमानं तिशीपुढच्या सगळ्यांचीच साखर तपासायची असते, म्हणून आज ना उद्या त्याच्या बोटाला सुई लागेल.

पण पुण्याच्या त्या सहा खेड्यांतली बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली होती. त्यांतली ४८ टक्के अजूनही कमी वजनाचीच होती. आणि तरी मुलांपैकी ३७ टक्क्यांची आणि मुलींपैकी १८ टक्क्यांची साखर हद्दीबाहेर गेली होती. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. पोटात असताना ज्यांची वाढ खुंटली, बालपणापासूनच ज्यांची उपाशीपोटीची साखर वरच्या अंगाला होती, त्यांच्यात हे जास्त दिसलं. याच पोरापोरींना २०१२पासून, त्यांची लग्नं होण्याच्या आधीच, बी-१२च्या छोट्या मात्रा देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे बघण्याचा प्रयोग झाला, आणि गोळ्या घेतलेल्या मुलींच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात बी-१२ वाढलेलं सापडलं. मात्रा होती दिवसाला दोन मायक्रोग्रॅम. दूध पोटभर मिळालं तर गोळीशिवायही तेवढं भरून निघतं. सरकारी तपासणी तिसाव्या वर्षी सुरू होते. आबांचा नातू यंदा दहावीला आहे, आणि गोठ्यातल्या दोन्ही गाईंचं दूध डेअरीला जातं.